सावडीची मजुरी

'सामाजिक जबाबदारी' हे दोन शब्द कुणी माझ्यासमोर काढले की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मागं हिंगोलीला बायकांच्या उद्योगाचा एक मेळावा होता. तिथं एका साहेबांनी माईकवर हे शब्द इतके घोळवले, इतके घोळवले, की मी चहा अर्धा ठेवून उठून आले. सोबतची बाई मागं पळत आली. "काहून उठलात अक्का? जेवण बाकी हाय की!" मी म्हटलं, जेवण गेलं चुलीत. आणि तरातरा स्टँडवर येऊन गाडीत बसले. ती बिचारी खिडकीखाली उभी राहून माझ्याकडं बघत राहिली. तिला काय सांगणार होते मी? गाडी सुटेपर्यंत सांगून होण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

माझा हळद पावडरीचा छोटा कारखाना आहे. आमच्या भागातल्या गोरेगावहून हिंगोलीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून, आमच्याच शेताच्या तुकड्यावर. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड, दळायचं मशीन, चाळणी, पाकिटं बंद करायचं यंत्र आणि आठ-दहा बायका. सगळं पिवळं. भिंती पिवळ्या, आमच्या पापण्या पिवळ्या, दारात झोपणारं कुत्रंसुद्धा पिवळं. आसपासच्या गावांतली शेतकरी मंडळी हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून माझ्याकडं आणतात. मोंढ्यात, म्हणजे मोठ्या बाजारात, जो भाव फुटेल तोच मी देते, वर हमाली-तोलाईची कटकट नाही. बाईमाणूस किती दिवस चालवतंय बघू, असं म्हणणारे आता आपल्या सुनांसाठी माझ्याकडं कामाला जागा आहे का म्हणून विचारायला येतात.

पुण्याचा एक व्यापारी माझी पावडर घ्यायचा आणि बाहेरदेशी पाठवायचा. एक दिवस त्याचा फोन आला. "ताई, माल एक नंबर आहे. पण तिकडच्या लोकांना आता नुसता माल चालत नाही. तुमचा धंदा माणसांशी आणि निसर्गाशी नीट वागतो, असं प्रमाणपत्र लागतं. ते काढलंत तर वर्षभराचा माल मी उचलतो. नाही काढलंत तर माझा इलाज नाही."

मी म्हटलं, एवढंच ना? आपण कुणाशी वाईट वागतोय? काढू की!

मग त्यानंच एक सल्लागार गाठून दिला. नांदेडचा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. तो आला आणि त्यानं शेडचं रूपच पालटून टाकलं. लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं आलं, औषधाची पेटी आली, बायकांसाठी वेगळं संडास-बाथरूम झालं, दारावर बाण रंगवला. धूळ ओढून घेणारा पंखा बसवला. त्या पंख्याचं मात्र मी नाव काढीन. कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझा खोकला थांबला, बायकांचे डोळे चुरचुरायचे थांबले. चांगल्याला चांगलंच म्हणावं. हळद शिजवणाऱ्या कुकरवाल्याला त्यानं बाभळी तोडू नको म्हणून सांगितलं, तर तो कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळायला लागला. हेही बराबरच होतं. एक तक्रारपेटी लावली. तिच्यात पहिली तक्रार निघाली ती ही, की मालकीणबाईच्या चहात साखर कमी असते. आम्ही हसून हसून बेजार झालो.

शेवटी तो म्हणाला, "ताई, तपासायला येतील ते एका शेतकऱ्याच्या शेतातही जातील. हळद कशी काढतात, कोण काढतं, ते बघतील. कोणतं शेत दाखवायचं ते तुम्हीच सांगा."

मला विचार करायची गरजच पडली नाही. मी माझ्या चुलत जावेचं शेत सांगितलं.

ही माझ्याहून धाकटी. तिचा नवरा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा चुलत भाऊ, काविळीनं गेला. पदरात एक लेकरू, आणि ओलिताचा एक तुकडा. तेराव्याला पाहुणे अजून पंगतीत बसले होते, तेव्हाच तिच्या दिरानं विषय काढला होता, "वहिनी एकटी काय करणार, माझ्याकडं बटईनं द्या, अर्धं पीक घरी बसून मिळंल." चारचौघांनी माना डोलावल्या. हिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "शेत म्याच करीन." बस, एवढंच. दीर तेव्हापासून दर वर्षी विचारायचा, आणि ही दर वर्षी नाही म्हणायची.

तिला ते नाही म्हणता यायचं ते सावडीच्या जिवावर.

सावड आमच्याकडं सगळ्यांना माहीत, पण ज्यांना नसेल त्यांच्यासाठी सांगते. आज आम्ही सगळ्याजणी तुझ्या शेतात, उद्या माझ्या, परवा तिच्या. पैशाचं नाव नाही. भाकरी ज्याची त्यानं आणायची, दुपारचं कालवण शेतवालीनं पुरवायचं. एक दिवस तू माझ्याकडं आलीस की एक दिवस मी तुझ्याकडं. कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. अंगात ताप असला तर घरातली दुसरी बाई धाडायची, पण सावड फेडायची. हळद काढणं म्हणजे खेळ नाही. पाला कापा, कुदळीनं खांदा, माती झाडा, गड्डे वेगळे करा, हळकुंडं मोडा, आणि ढीग तयार झाल्याशिवाय कुकरवाला दारात येत नाही. त्यात सगळ्या गावाची हळद एकाच वेळी निघते, मजूर सोन्याच्या भावानं मिळत नाहीत. माझी जाऊ दुसऱ्या बायकांच्या शेतात राबायची आणि त्या हिच्या. एकट्या बाईच्या शेतातली हळद अशी दर साल निघायची. मला त्याचा इतका अभिमान! मला वाटलं, माणसांशी नीट वागणं बघायलाच येताहेत ना, मग हे बघू द्या.

तपासायला एक साहेब आणि एक मॅडम आल्या. मॅडम तरुण, पुण्याच्या. बोलायला नम्र, पायात बूट, डोक्यावर टोपी. शेडमध्ये सगळं झालं, मग आम्ही जावेच्या शेतात गेलो. बायका ओळीनं बसून हळकुंडं मोडत होत्या, गप्पा चालल्या होत्या. मॅडम त्यांच्यात उकिडव्या बसल्या. मला बरं वाटलं.

"तुम्हाला इथं रोज किती मिळतो?" मॅडमनं एकीला विचारलं.

"रोज?" ती हसायलाच लागली. "कशाचा रोज, बाई?"

"म्हणजे पैसे मिळत नाहीत?"

"न्हाई बा. सावडीत कुठं पैसे अस्तेत?"

इथं मी तोंड घातलं. फुशारकीनं. "मॅडम, इथं कुणी कुणाकडून छदाम घेत नाही. आमच्याकडं अजून माणुसकी आहे!"

मॅडमनं मान हलवली आणि लिहून घेतलं. मग पुढचा प्रश्न. "आणि एखाद्या दिवशी तुम्हाला यायचं नसेल तर?"

"न्हाई म्हणून कसं चालंल? यावंच लागतंय."

"आजारी असाल तरी?"

"तरी. न्हाईतर घरातल्या दुसरीला धाडायचं. हिनं आमचं काम केलंय की, मग?" बाकीच्या बायकांनी "व्हय, व्हय" केलं. कुणी तरी म्हणालं, "न्हाई आली तर तोंड दाखवायला जागा न्हाई ऱ्हात." सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुपार झाली होती. जावेनं वांग्याचं कालवण केलं होतं, मॅडमसाठी ज्वारीची भाकरी घेऊन ती उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "नको हो, आम्हाला तपासणीच्या ठिकाणी काही घेता येत नाही. नियम आहे." पाणीसुद्धा त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं प्यायलं. जावेच्या हातातली भाकरी हातातच राहिली. मला तेव्हाच थोडं खटकलं, पण म्हटलं असेल बाई नियम.

मग त्यांचा अहवाल आला. शेडमध्ये बसून मी मोबाईलवर वाचत होते. संडास चांगलं, पंखा चांगला, पाणी चांगलं. आणि खाली लाल अक्षरांत, दोन गंभीर त्रुटी. पुरवठादाराच्या शेतात बिनपगारी काम. सक्तीच्या कामाची लक्षणं.

मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा अहवाल चुकून माझ्याकडं आला. पुन्हा वाचलं. तेव्हा कुठं डोक्यात शिरलं, की ही माझी जाऊ. ही लोकांना सक्तीनं राबवते म्हणे! जिच्याकडं स्वतःच्या पायात घालायला धड चप्पल नाही, ती सक्ती करणारी मालकीण. माझं डोकंच फिरलं. मी थेट मॅडमला फोन लावला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची पद्धत मला समजली, पण ती निकषात बसत नाही. घरातल्या माणसांनी काम केलं असतं तर चाललं असतं."

"मग या काय घरच्या न्हाईत?"

"म्हणजे रक्ताचं किंवा लग्नाचं नातं हवं. तशी व्याख्या आहे."

"अहो, व्याख्या तुमची, शेत आमचं! तिनं उद्या त्यांच्या शेतात राबायचं, हे तुम्ही का लिहिलं न्हाई?"

"ते आम्हाला दिसलं नाही ना," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी जे दिसलं तेच लिहावं लागतं."

खरंच नव्हतं दिसलं त्यांना. फेडायचा दिवस उद्याचा होता आणि त्यांची गाडी आज परत जाणार होती. मी फोन ठेवला आणि दळायच्या मशीनच्या आवाजावर इतकी ओरडले, इतकी ओरडले, की बायकांनी मशीन बंद केलं. मशीन बंद झालं तरी मी ओरडतच होते. ते रस्त्यावरच्या जीपवाल्यालाही ऐकू गेलं असणार.

सल्लागार धावत आला. "ताई, चिडू नका, यात काही अवघड नाही. त्या बायकांना मजुरी दिली असं कागदावर दाखवू. पावत्या करू, सह्या घेऊ. महिन्याभरात त्रुटी निघून जाईल."

"पण दिली न्हाई मजुरी."

"कागदावर म्हणतोय मी."

खरं सांगितलं तर नापास, आणि खोटं लिहिलं तर पास! आणि हे कशाचं प्रमाणपत्र? चांगुलपणाचं! मी म्हटलं, "लाज वाटंना का रे तुला?" तो कसनुसा हसला. म्हणाला, सगळेच करतात.

तरी मी गेले बायकांकडं. खोटं कशाला बोलू, गेले. वर्षभराचा माल डोळ्यांसमोर होता आणि शेडमधल्या बायकांचे संसार त्यावर होते. पण त्या सावडीतल्या बायकांनी मला उभंच केलं नाही. "मजुरी घेतली म्हणून सही करू? मंग आमी हिच्या मजूर झालो का? आमी काय रोजानं जातो व्हय कुणाच्या शेतात? आमचीबी शेतं हायेत, अक्का." एकीनं तर माझ्यासमोर ठेवलेला पाण्याचा लोटाच उचलून नेला. त्यांचं खरंच होतं. मी खाली मान घालून आले.

इथपर्यंत असतं तरी निभावलं असतं. पण माझ्या ओरडण्याची वार्ता गावभर गेली होती, आणि जावेच्या दिराला तेवढंच हवं होतं. पारावर बसून त्यानं सुरू केलं. वहिनीच्या शेतात वेठबिगारी चालते असं पुण्याच्या लोकांनी लिहून नेलंय. मोठ्या साहेबाकडं गेलंय. आता केस होणार, आणि ज्या बायका तिथं सापडल्या त्यांच्या जबान्या होणार. कुठल्या जबान्या आणि कुठली केस! पण गडी माणसं घाबरली. एकेकानं आपल्या बायकोला बजावलं, तिकडं जाऊ नको.

आणि सावड थांबली. अर्धं शेत निघालं होतं, अर्धं तसंच. माझी जाऊ तीन बायकांच्या शेतात आधीच राबून आली होती. त्यांच्याकडं तिची सावड निघत होती. ती एकेकीच्या दारात गेली. "मालक न्हाई म्हणून राहिले," एवढंच उत्तर. त्यातली एक बाई मात्र संध्याकाळी तिच्या घरी आली. मी तिथंच होते. पदराच्या गाठीतून नोट काढून तिनं जावेसमोर धरली. "तुझं काम केलं न्हाई म्हणू नको. तुझ्या दिवसाची मजुरी घे."

जावेनं पिठाची परात बाजूला सारली. मग म्हणाली, "सावड पैशानं फेडून राहिली व्हय तू?"

त्या बाईचं तोंड उतरलं. तिनं नोट पुन्हा गाठीला बांधली आणि गेली. जाऊ रडली नाही. चुलीपुढं बसून तिनं भाकऱ्या थापल्या, लेकराला वाढलं. मीच डोळे पुसत बसले होते, रागानं.

मी म्हटलं, "मजुरीचे पैसे मी देते. हिंगोलीहून माणसं आण."

"सावड मी कामानं फेडते, अक्का. पैसा कशानं फेडू?" मग म्हणाली, "आन् माणसं कुठं मिळून राहिली ह्या दिवसात?"

तेही खरं. मी तरी शेजारच्या पुसेगावपर्यंत जाऊन आले, सगळीकडं एकच उत्तर, हळद काढून होऊ द्या मग येतो. शेवटी मी शेड दोन दिवस बंद ठेवलं, माझ्या बायका घेऊन शेतात उतरले. पण शेडच्या बायकांचा हात हळद खांदायचा नाही, आणि माझ्या कमरेनं दुसऱ्या दिवशी दगा दिला. वरून पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन, माल कुठंय? ऊन चढत चाललं, जमीन आवळत चालली. कुदळ मारली की हळकुंड मधोमध तुटून निघायचं. असला तुटका माल कुकरवालाही घेईना.

एक दिवस मी गेले तर शेतात अनोळखी मजूर. बांधावर दीर उभा, कानाला मोबाईल.

मी त्याच्या अंगावरच गेले. "केलंस ना मनासारखं?"

"वहिनी, मी काय वाईट करून राहिलो? हळद मातीत सडू देऊ? तिनंच बोलावलं मला. विचारा तिला." तो शांत होता. त्याला ओरडायची गरजच नव्हती.

जाऊ बांधाच्या दुसऱ्या टोकाला लेकराची टोपी नीट करत होती. ती माझ्याकडं आली नाही.

अशी ती जमीन बटईनं गेली. आणि मला प्रमाणपत्र मिळालं. व्हय, मिळालं की! दिरानं मजूर लावले होते, मजुरी मोबाईलवरून दिली होती, त्याच्याकडं सगळ्या पावत्या होत्या. त्रुटी आपोआप मिटली. मी प्रमाणपत्र घेतलं नसतं तर शेडमधल्या बायकांना घरी बसावं लागलं असतं, म्हणून घेतलं. सल्लागारानं ते चौकट करून आणलं आणि स्वतःच्या हातानं खिळा ठोकून टांगलं. पेढे आणले होते. मी पेढा कुत्र्याला टाकला. तेही हुंगून बाजूला झालं, गोडाचं त्याला वावडं असावं.

बाकी सगळं सुरळीत झालं. माल जायला लागला. वर्षाकाठी पुन्हा तपासणी असते, ती हळदीच्याच दिवसांत आली. त्याच मॅडम. त्यांनी मला ओळखलं, हसल्या, तब्येत विचारली. पोरगी वाईट नव्हती हो. तिच्यावर राग काढायला गेले तरी तो धड निघत नव्हता, याचाच मला जास्त राग यायचा. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी जिथं अडचण होती, त्याच शेतात जाऊ. सुधारणा झाली का ते बघायला हवं."

गेलो. बायका ओळीनं बसल्या होत्या. पण गप्पा नव्हत्या. दिरानं सगळ्यांना हातमोजे दिले होते, डोक्याला रुमाल दिले होते, सावलीला कापड बांधलं होतं, पाण्याचा जार ठेवला होता. आणि ओळीच्या शेवटाला माझी जाऊ बसली होती. हातमोजे घालून हळकुंडं मोडत होती.

मला माहीत होतं ती तिथं रोजानं जाते म्हणून. बटईचं अर्धं पीक विकल्यावर मिळणार, खर्च कापून मिळणार, दीर देईल तेव्हा मिळणार. तोवर चूल पेटायला हवी. माहीत होतं, पण तिला तिथं तसं बसलेलं मी बघितलं नव्हतं.

मॅडम नेमक्या तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. दीर बांधावर उभा होता, अंतर राखून; विचारपूस चालू असताना काम देणाऱ्यानं लांब राहायचं, असा नियम.

"ताई, इथं रोज मिळतो?"

"व्हय."

"वेळेवर?"

"व्हय. संध्याकाळीच देतेत."

"यायचं नसेल त्या दिवशी नाही आलं तर चालतं?"

जावेनं एक हळकुंड मोडून ढिगात टाकलं. "चालतंय की. कुणाचं काय आडतंय माझ्यावाचून?"

मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्या लिहू लागल्या. लिहिता लिहिता माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बघा, किती छान बदल झालाय. सुरुवातीला लोकांना त्रास वाटतो, पण शेवटी बायकांचाच फायदा होतो."

माझा तोल सुटला. "मॅडम, लिहिणं थांबवा. हिला विचारा, हे शेत कुणाचं हाय."

"कुणाचं?"

"हिचं! ही मालकीण हाय ह्या शेताची. मागच्या साली तुम्हाला भाकर घेऊन उभी राहिली होती, ती हीच. तवा हिच्या शेतात हिच्या मैतरणी कामाला होत्या. तुमच्या त्या लाल अक्षरांनी एकेकीला घरी बसवलं, आन् आज ही स्वतःच्याच शेतात रोजानं येऊन राहिली. ह्याला फायदा म्हणता? कुठं हाय तुमच्या कागदावर याची जागा? दाखवा मला!"

ओळीतले हात थांबले. मॅडमनं एकदा जावेकडं पाहिलं, एकदा हातातल्या कागदाकडं. त्यांनी कागद उलटवला, पुन्हा सुलटा केला. खरंच शोधत होत्या त्या. मग हळूच म्हणाल्या, "मालकीचा प्रश्न यात येत नाही हो."

बांधावरून दीर पुढं यायला लागला. मला तर तेच हवं होतं. येऊ दे म्हटलं, आज त्याच्या तोंडावर, मॅडमच्या समोर, सगळं बोलते. प्रमाणपत्र गेलं खड्ड्यात. मी पदर खोचला.

तेवढ्यात जावेनं हातमोजा काढला आणि माझा हात धरला. ती माझ्याकडं बघत नव्हती, येणाऱ्या दिराकडं बघत होती.

"गप बसा, अक्का," ती अगदी हळू म्हणाली. "पाया पडते तुमच्या. आजचा रोज भरू द्या मला."